पाय उचलला की बंद

फोन वाजला तेव्हा चौकीत फौजदार सुमिनी एकटीच होती. रमजानचा महिना. पहाटेचं जेवण आणि नमाज उरकून बाकीचे शिपाई आपापल्या घरी पुन्हा पांघरुणात शिरले होते. सुमिनीला घरी जायची घाई नव्हती. घर म्हणजे भाड्याची एक खोली, आणि नवरा समुद्रापलीकडे सुमात्रातल्या एका मळ्यावर. पहाटे जेवताना ती टीव्ही लावून ठेवायची. बघायला नव्हे, कुणीतरी बोलत असावं म्हणून.

"फौजदारबाई, लगेच या." पलीकडचा माणूस धापा टाकत होता. "कुंचोरो मास्तर गेले. गाडीत बसल्या बसल्या गेले."

"कोण बोलतंय?"

"हाजी बस्रोनी. त्यांचा शेजारी."

लावांग गाव डोंगरात असल्यामुळे तिथल्या सकाळी हाडं गोठवतात. सुमिनी पोहोचली तेव्हा गल्लीत धुकं होतं आणि धुक्यात गर्दी होती. गल्लीच्या टोकाला मास्तरांचं घर, त्याला लागून हाजींचं. हाजींच्या फाटकावर नवीकोरी पाटी: 'पाहुण्यांसाठी खोल्या. गरम पाणी मिळेल.' दोन्ही घरांच्या परसात एकच भिंत, आणि तिच्यात एक लाकडी दार. मास्तरांची बायको हयात असताना त्या दारातून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. ती गेल्यावर वाट्या थांबल्या, पण दाराला कडी काही कुणी घातली नाही.

गॅरेजमध्ये मास्तरांची जुनी निळी गाडी उभी होती. चालकाच्या जागेवर मास्तर, मान एका बाजूला टाकून. अंगात धुतलेला सदरा, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली. चेहरा मात्र लालबुंद, जिवंत माणसाचाही नसतो इतका.

सुमिनीनं हाजींना बाजूला घेतलं. गोरेगोमटे, पोट सुटलेले, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी.

"पहिल्यापासून सांगा."

"मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. मास्तरांची गाडी चालू होती. रोजच्यासारखी. मंद, एका सुरात."

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या जावात ज्याच्याकडे गाडी आहे तो रोज सकाळी ती तापवतो. कुठे जायचं असो वा नसो, भात शिजायला लावायचा आणि गाडी सुरू करून ठेवायची. मास्तर गेली वीस वर्षं हेच करत आले होते. त्यांच्या इंजिनाची घरघर कानावर आली की गल्ली उठायची.

"किती वेळ चालू होती?"

"बराच वेळ. मग धुराचा वास आला. बघतो तर गॅरेजचं शटर खाली ओढलेलं. मास्तर तापवताना शटर कधी लावत नाहीत हो! मी वर केलं तर आत धूरच धूर."

"आणि इंजिन?"

"चालूच होतं. या हातानं किल्ली फिरवून बंद केलं मी."

"मास्तरांचे पाय कुठे होते?"

"पाय?" हाजी गोंधळले. "आत्ता आहेत तिथेच. सीटखाली ओढलेले. फौजदारबाई, माणूस गेला आणि तुम्ही पायांचं काय घेऊन बसलात?"

"विचारायची सवय आहे."

"रोजा आहे माझा. कालच संध्याकाळी मक्केहून परत आलोय, उमरा करून. दोन आठवडे त्या पवित्र जागी घालवले आणि घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी हे बघावं लागलं." त्यांनी डोळे पुसले. आत जाऊन खजुराची एक डबी आणली आणि सुमिनीच्या हातात कोंबली. "रोजा सोडताना खा. तिकडचे आहेत."

डॉक्टर आले. त्यांनी त्वचेचा रंग बघितला, रक्त तपासायला घेतलं आणि मान हलवली. गाडीच्या धुरात जो विषारी वायू असतो तोच. वास नसतो त्याला. झोप लागावी तसा माणूस जातो. मास्तरांच्या खिशात एक रुमाल निघाला आणि एक साबणाची वडी. लहान बाळांचा साबण, कागदसुद्धा न फाडलेला.

मग जनाजा निघायची वेळ झाली, तर गाडी वाटेत आडवी. सुमिनी गाडीत बसली. सुमिनीचा बाप ब्लितारला गॅरेज चालवायचा. ती शाळेतून परस्पर तिथेच जायची, त्यामुळे जुन्या गाडीचं तिला भय नव्हतं. किल्ली फिरवताच इंजिन पटकन लागलं. तिनं रेसवरून पाय उचलला. बंद. पुन्हा लावलं, पाय उचलला, पुन्हा बंद. शेवटी रेस दाबून ठेवून तिनं गाडी बाहेर काढली, तर ब्रेक दगडासारखा कडक. समोरच्या तुकिनेम मावशीच्या खानावळीच्या बाकाला टेकूनच गाडी थांबली.

"अगं बये!" मावशी ओरडली. "रोजा सुटायच्या आधी मलाच सोडवतेस की काय!"

एरवी गल्ली हसली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

साहेबांनी प्रकरण तिथेच मिटवलं. "म्हातारा माणूस, थंडी वाजली, शटर ओढलं, डुलकी लागली. अपघात लिहा." गल्ली मात्र वेगळंच बोलत होती. वीस वर्षं उघड्या शटरनं गाडी तापवणाऱ्या माणसानं त्याच दिवशी शटर का ओढावं? बायको गेलेली. मुलगी दूर बालिकपापनला, दोन ईदांना आलेली नाही. दिवसभर त्या घरात घड्याळाशिवाय आवाज नाही. कंटाळला असेल बिचारा. असं 'बिचारा' म्हणायचं आणि आवाज खाली आणायचा. संध्याकाळी दुवेसाठी माणसं येत, पण आता आलेल्या मुलीची नजर चुकवत आणि चहा न घेताच उठत. आपल्या हातानं जीव दिलेल्याच्या घरी किती वेळ बसावं, हे कुणाला कळत नव्हतं.

ती मुलगी, वेनिंग, एका दुपारी चौकीत आली. तिशीतली बाई. विमान मिळून पोहोचेपर्यंत दफन झालं होतं. बापाचं तोंडही तिला दिसलं नव्हतं. बरोबर नवरा नाही, मूल नाही. डोळे कोरडे.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी जीव दिला का?"

"कागदावर अपघात आहे."

"कागदाचं नका सांगू. गल्लीत सगळे माझ्याकडे कसे बघतात ते मला दिसतंय."

सुमिनीनं खुर्ची पुढे ओढली. "तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात. भांडणच झालं. म्हणाले, या ईदेला नातीला घेऊन ये. मी म्हटलं, कशी येऊ? तुमच्याकडचं पाणी बर्फासारखं. मागे आले तेव्हा पोरीला न्युमोनिया होता होता राहिला. आधी घर विका, आमच्याकडे या राहायला."

"मग?"

"मग काही नाही. बरं म्हणाले आणि फोन ठेवला." वेनिंगनं ओठ दाबले. "पाणी हे निमित्त होतं, बाई. मला इथे यायचंच नव्हतं. आई नसलेल्या घरात पाऊल टाकवत नव्हतं मला. तिथे ते रोज एकटे राहत होते, आणि मला दोन दिवससुद्धा जड वाटत होते. आता हे माझ्यामुळे झालं असेल तर मला कळू दे. नुसता संशय घेऊन जगता येणार नाही मला."

पाय उचलताच मान टाकणारं ते इंजिन गेले काही दिवस सुमिनीच्या डोक्यात घरघरत होतंच.

"चला," ती उठली. "गाडी बघू."

गाडी गॅरेजमध्ये परत ढकलून ठेवलेली होती. सुमिनीनं शटर वर केलं, बाह्या सारल्या, बॉनेट उघडलं. वेनिंग कोपऱ्यात उभी राहिली.

"काय शोधताय?"

"ही गाडी उभी का राहत नाही ते."

इंजिन लागलं. पाय ठेवला की ठणठणीत, उचलला की गचके खाऊन बंद. काट्यावर पेट्रोल अर्धी टाकी. इंजिनात जाणारी हवा कमी करणारा चोक ओढून बघितला. मिनिटभर धडधडली, काळा धूर ओकली आणि मेली.

"चोक ओढल्यावर थोडी तग धरते," सुमिनी पुटपुटली. "म्हणजे पेट्रोल कमी पडत नाही, हवा जास्त होतेय. कुठून तरी फुकटची हवा ओढतेय ही."

"आणि तो ब्रेक?" खानावळीच्या बाकाची गोष्ट वेनिंगनं गल्लीत ऐकली होती, आणि तिला बाबांबरोबरचे प्रवास आठवले. "पूर्वी लोण्यासारखा लागायचा."

सुमिनीनं वर बघितलं. इंजिन उभं राहत नाही आणि ब्रेक कडक. दोन दुखणी, पण मूळ एक असेल तर? इंजिनातून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा एक जाड रबरी पाईप असतो. इंजिन त्यातून हवा ओढतं, म्हणून ब्रेक हलका लागतो. तिनं वेनिंगला गाडीत बसवून रेस दाबायला सांगितलं, आणि पकडीनं तो पाईप चिमटला.

"आता पाय उचला."

वेनिंगनं पाय उचलला. इंजिन बंद पडलं नाही. मंद, एका सुरात घरघरत राहिलं. वेनिंगनं स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरले. लहानपणी याच आवाजानं ती जागी व्हायची.

सुमिनीनं पकड काढताच इंजिन मेलं.

पाईपाच्या खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशा जागी, बोटभर भेग होती. सुमिनीनं टॉर्च लावला. भेगेच्या कडा कडक, आत तेल आणि धूळ बसून घट्ट झालेली. भेगेपासून चार बोटं अंतरावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली. तिच्यावरही धुळीचा थर.

"ही पट्टी बाबांनीच बांधली असणार," वेनिंग म्हणाली. "गळका नळ असो नाहीतर तुटकी खुर्ची, सगळ्याला ट्यूबची पट्टी."

"पाईप बरोबर ओळखला त्यांनी. जागा तेवढी चुकली." सुमिनीनं हात पुसले. "ही भेग त्या सकाळची नाही. चांगली जुनी आहे."

समोर तुकिनेम मावशी खानावळीच्या पडद्याआड संध्याकाळची तयारी करत होती. रमजानात दिवसा पडदा लावायची रीत. आत कोण जेवतंय हे अल्लाला दिसतं, गल्लीला दिसायचं कारण नाही.

"मावशी, मास्तरांची गाडी अलीकडे कशी चालत होती?"

"चालत कुठे होती? खोकत होती. मास्तर जायच्या आधी दोन आठवडे तरी. रोज सकाळी गुर्रर्र करायची आणि फटकन बंद. मास्तर आत बसून पाय दाबून तापवायचे. मी म्हटलं, मास्तर, भंगारात घाला. तर म्हणाले, तुकिनेम, माझे गुडघे दुखतात म्हणून मला घालतेस का भंगारात?" मावशी हसली आणि लगेच खाली बघून पुन्हा कांदा चिरायला लागली.

"त्या दिवशी सकाळी ऐकलीत का गाडी?"

"मी बाजारात होते. आले तोवर गर्दी जमलेली. हाजी छाती बडवत होते."

"धुराचा वास?"

"वास? नाही बाई, काही नाही. आणि जुन्या गाडीचा धूर मला मैलावरून कळतो. शिंका सुरू होतात माझ्या."

सुमिनी बाकावर बसली. आता कुठे पाणी मुरतंय ते तिला दिसायला लागलं होतं. फक्त ते पाणी थंड नव्हतं, गरम होतं.

"वेनिंगताई," ती म्हणाली, "हाजींकडे जायचंय. तुम्ही फक्त ऐका."

हाजी व्हरांड्यात बसले होते. फाटकाबाहेर सुराबायाच्या पासिंगची एक मोठी गाडी उभी होती. सुटीचे पाहुणे यायला लागले होते.

"या, या. रोजा आहे, नाहीतर चहा टाकला असता."

"दोनच प्रश्न आहेत, हाजी. तुम्ही शटर वर केलंत तेव्हा गाडी चालू होती?"

"सांगितलं की. चालू होती."

"मंद आवाजात?"

"वीस वर्षं ऐकतोय मी तो आवाज. झोपेतसुद्धा ओळखीन."

"मास्तरांचे पाय सीटखाली."

"हो. पुन्हा पाय!"

"हाजी, पाय उचलला की ती गाडी बंद पडते. मास्तर जायच्या आधी दोन आठवडे हेच चाललं होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तुम्हाला, कारण ते दोन आठवडे तुम्ही मक्केत होता."

हाजींचा चेहरा पडला. तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूनं भप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ पाणी पडायला लागल्याचा.

सुमिनी ताडकन उठली. "कोण आहे तिथे?"

"पाहुणे. तीन नंबरमध्ये. सकाळीच आलेत."

"न्हाणीघरात गॅसचा बंब आहे ना? आतल्या भिंतीवर?"

हाजींची पाचावर धारण बसली. सुमिनी पळत मागे गेली आणि तीन नंबरचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. एका तरुण बाईनं उघडलं. आत न्हाणीघराचा दरवाजा लोटलेला, टबात एक चिमुरडी खेळत होती.

"काय झालं? आत्ता तर पाणी सोडलंय."

"तिला बाहेर काढा. आधी बाहेर काढा."

सुमिनीनं बंब बंद केला. न्हाणीघराला हातभर खिडकी होती, तीही खिळे मारून पक्की केलेली. थंडी येऊ नये म्हणून. पोरगी आईच्या कडेवर चढून रडायला लागली. तिचं खणखणीत रडणं ऐकून सुमिनी तिथेच पलंगावर बसली.

ती व्हरांड्यात परत आली तेव्हा हाजी जमिनीकडे बघत होते. वेनिंग खांबाला टेकून उभी होती.

"आता मी सांगते," सुमिनी म्हणाली, "चुकलं तर मला थांबवा. डॉक्टरांना मास्तरांच्या रक्तात विषारी वायू दिसला. तो कुठून आला हे रक्त सांगत नाही. मास्तर गाडीत होते, म्हणून आपण सगळे गाडीला चिकटलो. पण बंद खोलीत गॅस जळला तरी तोच वायू होतो. मास्तरांची पँट दुमडलेली होती. आम्हाला वाटलं, नमाजाआधी हातपाय धुतले असतील. न्हाणीघरात शिरतानासुद्धा माणूस पँट वर करतोच. आणि खिशात लहान बाळांचा साबण. एकट्या म्हाताऱ्याला तो कशाला लागतो?"

वेनिंगनं एकदम वर बघितलं.

"मास्तर तुमच्याकडे खोली बघायला आले होते, हाजी. लेकीसाठी. त्यांच्या घरचं पाणी बर्फासारखं, म्हणून तुमच्याकडचं गरम पाणी. बरोबर?"

हाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी आलो त्याच संध्याकाळी आले," ते म्हणाले. "परसातल्या दारानं. म्हणाले, मुलगी येणारय, नात येणारय, ईदेचे चार दिवस तीन नंबर मला दे. मी म्हटलं, बघून तरी घ्या. तर म्हणाले, सकाळी येतो. पाणी किती गरम होतं, किती वेळ टिकतं, सगळं बघायचंय. मास्तरच ते! पहाटे नमाज झाल्यावर मी किल्ली दिली आणि जरा पडलो. प्रवासाचा शीण होता. उठलो तर पाण्याचा आवाज चालूच."

"दार बंद करून बसले होते?"

"लहान मूल असल्यावर लावतातच ना दार. तसंच लावून बघत असतील. टब भरून वाहत होता. मास्तर भिंतीला टेकून बसलेले. नाडी बघितली मी. अल्लाची शपथ, गेले होते ते."

"आणि तुम्ही त्यांना परसातल्या दारानं उचलून नेलंत. गाडीत बसवलंत. शटर ओढलंत."

"बंब मी नुकताच बसवला होता. सगळ्या खोल्या ईदेला भरलेल्या. तीन नंबरमध्ये माणूस मेला म्हटल्यावर कोण आलं असतं इथे?" त्यांचा आवाज चिरकला. "वाटलं, ते रोज गाडी तापवतात. कुणी विचारणारसुद्धा नाही. म्हातारा माणूस, डुलकी लागली असं म्हणतील."

"तसं फक्त कागदावर आलं. गल्लीत लोक जीव दिला म्हणाले. रोज तुमच्या कानावर येत होतं ते. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. वर त्याच खोलीत लेकुरवाळी बाई उतरवलीत."

"मी त्यांना सांगितलं होतं, दार उघडं ठेवून आंघोळ करा!"

"का, ते सांगितलंत?"

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, हे हाजींना जमलं होतं. पण रेटलेलं खोटं अंगावर घेऊन बसणं जमत नव्हतं. ते वेनिंगकडे वळले, पण तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून तिच्या पायांशी बोलले.

"पोरी, मला माफ कर. मास्तर माझे तीस वर्षांचे शेजारी. त्यांचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं. पण ते एकटे होते गं. मागेपुढे कुणी नाही, घरात रडायला कुणी नाही. वाटलं, एकट्या माणसाबद्दल लोकांना काहीही पटतं. कुणाचं काय बिघडणारय?"

वेनिंग खांबापासून दूर झाली. इतके दिवस ती सगळ्यांशी अगदी हळू बोलत आली होती. आता तिचा आवाज फाटकाबाहेर, पडद्याआड कांदा चिरत बसलेल्या तुकिनेम मावशीपर्यंत गेला.

"एकटे नव्हते ते! त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. मी येते असं म्हणाले नव्हते, तिकीट काढलं नव्हतं, फोनसुद्धा केला नव्हता. तरी त्यांनी माझ्यासाठी खोली घेतली. माझ्या पोरीसाठी पाणी गरम होतं का बघायला गेले. आणि तुम्ही लोकांना सांगितलंत की त्यांना कुणी नव्हतं!"

एवढं बोलून ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि तोंडात ओढणीचा पदर कोंबून रडली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. सुमिनीनं शिपायांना फोन केला, हाजींना आत बसवलं, आणि मग तिच्या शेजारी येऊन बसली. रोजा सुटायची वेळ झाली. मशिदीतला मोठा ढोल वाजला. पडदा सारून तुकिनेम मावशी गरम चहाचे दोन पेले घेऊन रस्ता ओलांडून आली, आणि तिच्यामागून गल्लीतल्या दोन बायका आल्या. त्या वेनिंगच्या दोन्ही बाजूंना टेकल्या.

"बाबा घाबरले नसतील ना?" वेनिंगनं विचारलं.

"नाही," सुमिनी म्हणाली. "त्या वायूत काही कळत नाही. पाणी बघता बघता झोप लागली असेल."